हिरवळीतील लव्हाळा आणि हरळी : आपले अनुभव लिहावेत

सहकारनगरमधील आमच्या घरापुढे मेक्सिकन लॉन आहे आणि वळवाचा पहिला पाऊस पडताच त्यातून लव्हाळा हे तण पुन्हा वर आले आहे. पुण्याच्या हवेत आणि मातीत कोणता उपाय खरोखर टिकला, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनीच सांगावे, अशी विनंती आहे. जागा उन्हाची की सावलीची, माती कोठून आणली होती आणि फरक केव्हा दिसला, हे अवश्य लिहावे.

कोथरूडहून : लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो गवत नाही. दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना स्पष्ट लागतात. त्याचे सारे बळ जमिनीखाली असते. काळपट, किंचित सुगंधी गाठी तारेसारख्या बारीक भूमिगत खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि ही साखळी तुटली की आजवर निद्रिस्त असलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. त्यामुळे नुसती पाती उपटल्याने लव्हाळा कमी न होता उलट दाट होतो. मी पाऊस उघडून जमिनीला वापसा आला (म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिली) की रोपाच्या बाजूने अरुंद खुरपे वीतभर खोल घालते, माती सैल करते आणि गाठ हाताला लागेपर्यंत रोप ओढत नाही. नवे पाते आल्यावर काही आठवड्यांतच नव्या गाठी धरू लागतात, म्हणून पावसाळाभर दर पंधरवड्याला ही फेरी चुकवू नये. काढलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत; गच्चीवर कडक उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात. पहिल्या पावसाळ्यात फारसा फरक जाणवत नाही, पुढच्या वर्षी मात्र तो नजरेत भरतो.

बाणेरहून : लॉन अंथरण्यापूर्वीच काळजी घेतली तर पुढचे कष्ट पुष्कळ वाचतात, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक बंगल्यांत लव्हाळा बाहेरून आणलेल्या मातीतून आणि लॉनच्या लाद्यांतून, म्हणजे मातीसकट कापून आणलेल्या गवताच्या तुकड्यांतून येतो. आम्ही आलेली माती चाळून घेतली, एप्रिलमध्ये जमीन भिजवली आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडल्या. मे संपेपर्यंत ते तसेच ठेवले. काळे प्लास्टिक लव्हाळ्याचा टोकदार कोंब भोसकून वर येतो. पारदर्शक कागदाखाली मात्र प्रकाश मिळाल्याने पाते तेथेच उलगडते आणि उष्णतेने करपते. खोलवरच्या गाठी याने मरत नाहीत, पण त्या थोड्या उरतात आणि खुरप्याने आवरता येतात.

वानवडीहून : आमच्या आंब्याच्या गर्द सावलीत लव्हाळा दुबळाच राहतो, पण तेथे मेक्सिकन लॉनही विरळ होते. म्हणून तेवढ्या भागात नेचे आणि स्पायडर प्लांट लावले.

हडपसरहून : आमचा ऊस आहे, त्यामुळे तणनाशकांचा थोडा परिचय आहे. उसातील लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात. ते पानांतून आत शिरून गाठींपर्यंत पोहोचते आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ग्लायफोसेट मात्र निवडक नाही. ते लव्हाळ्याबरोबर लॉनही जाळते. घराच्या अंगणात मुले आणि पाळीव प्राणी वावरतात, तेव्हा वेष्टनावर हिरवळीसाठी शिफारस छापलेली नसेल तर औषध वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कात्रजहून : हरळीची, म्हणजेच दूर्वांची, गोष्ट निराळी आहे. ती जमिनीवरून धावणाऱ्या खोडांनी आणि जमिनीखालच्या कांड्यांनी अशी दोन्हीकडून पसरते, आणि तुटून राहिलेल्या प्रत्येक पेराला मुळे फुटू शकतात. म्हणून तेथे कुदळीने तुकडे करू नयेत. माती ओली असताना धावते खोड बोटांनी शेवटापर्यंत मागोवा घेत सोडवावे. गणपतीत दूर्वा लागतात, त्यामुळे घरातून ती समूळ घालवणे आम्हांला मान्य नव्हते. कुंपणालगत तिला एक वेगळा वाफा दिला आणि वाफा व लॉन यांच्यामध्ये शहाबादी फरशीचे तुकडे वीतभर खोल उभे गाडले. फरशीवरून पलीकडे झेपावलेली खोडे दर आठवड्याला कात्रीने छाटावी लागतात. खालून मात्र ती अद्याप लॉनमध्ये शिरलेली नाही.