अनुभव धागा: आमचे बाबा, आमचे आबाजी

नदीकाठची
काल लेकाच्या शाळेत तान्हा पोळा झाला. बाजारातून रंगवलेला लाकडी बैल आणला, दोरी बांधली, मिरवून आला. रात्री भांडी घासताना मात्र बाबा डोळ्यांसमोरून हलेनात. गाव वर्धा जिल्ह्यातलं. पोळा जवळ आला की बाबा ओसरीत सागाचं लाकूड घेऊन बसायचे. आधी वाकसानं ताशायचे, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं घासायचे. मधेच स्वतःच्या गालाला लावून बघायचे, टोचलं की परत घासणं सुरू. नातवंडांचे बैल सगळे एकाच मापाचे, धाकट्याला वाईट वाटायला नको म्हणून. माझ्या भाचीलाही केला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीले कायले बैल?" तर बाबांनी तिच्याच बैलाला पितळी घुंगरं बांधली. बोजारा, म्हणजे पोळ्याचे खाऊ-पैसे, मागत गावभर तीच पुढे!
तुमच्याकडचं लिहा ना. मोठं झालं तरी चालेल.

काळीमाती
माह्या बाबाचं कापसाचं. एकाधिकार खरेदी होती, म्हंजे कापूस सरकारलेच विका लागे, तवाची गोष्ट. केंद्रावर बैलबंड्यांची लाइन लागे, नंबर येईपर्यंत बंडीखालीच झोपनं. ग्रेडरनं माल खालच्या ग्रेडात टाकला तरी घरी येऊन एक शब्द नाई. चेक कवा येईन देव जाने. पन हातात शेवचिवड्याचा पुडा असेच. तो उधारीचा राहे हे मले मोठा झाल्यावर कळलं.

मायमाउली
रडवलं तुम्ही लोकांनी. वरण लागलं माझं खाली.

फाट्यावरची
मी अमरावतीला होस्टेलला. बाबा पहाटे फाट्यावर उभे, पहिल्या एसटीच्या कंडक्टरकाकांकडे डबा. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, कधी ठेचा. फडक्याची गाठ अशी की दातानं सोडावी लागायची, मैत्रिणी खिदळायच्या. आई डबा भरायची, पण गाठ बाबा कोणाला मारू देत नसत. सांडला तर पोरगी उपाशी राहील म्हणे.

दारव्हेकर_नाही_पण
आजोबा एसटीत बसतच नसत. यवतमाळ ते मूर्तिजापूर, शकुंतलाच पाहिजे, म्हणजे आपली नॅरोगेज रेल्वे. काहून? तर पोट्ट्यांना इंजिन दाखवायचं! डोळ्यात कोळशाचा कण गेला की धोतराचा सोगा तोंडाच्या वाफेनं गरम करून लावायचे. दारव्ह्याला भजी. 1994 ला डिझेल इंजिन लागलं तर घरातलंच कोणी गेल्यासारखे गप्प होते.

काळीमाती
अचलपूरची बी शकुंतलाच होती भाऊ. मूर्तिजापूरले दोन्हीची गाठ पडे.

दारव्हेकर_नाही_पण
हाव. तिच्यावर वेगळा धागा काढू, नाहीतर इथं ती ब्रॉडगेज करायची का यावर भांडणं लागतील.

आंबियाबहार
आम्ही वरूडकडचे, संत्र्यावाले. बगीचा व्यापाऱ्याला उभाच विकायचा. पण आबाजी सौद्यातच सांगत, विहिरीजवळचं झाड सोडून. ते आत्यांचं. दिवाळीला आत्या यायच्या तेव्हा आंबिया बहाराची संत्री पिवळी व्हायला लागलेली असायची. एका वर्षी व्यापाऱ्याच्या माणसांनी तेही तोडलं. आबाजींनी कॅरेट परत उतरवून घेतले, इसार परत करायची तयारी ठेवून! आजी ओरडली भरपूर. कर्ज डोक्यावर असताना हा थाट पटण्यासारखा नव्हताच म्हणा. आत्या मात्र अजून त्याच झाडाची गोष्ट काढतात.

अनामिका_अकोला
माझे बाबा असे नव्हते. तरी सगळं वाचतेय. लिहीत राहा.

नदीकाठची
@अनामिका, ये गं. नुसती बसलीस तरी चालेल.

खंजिरी
आमचे आबाजी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, अन् आम्ही नातवंडं रांगेत पेंगत. मला मांडीवर घेऊनच खंजिरी वाजवायचे. एवढ्या आवाजात झोप कशी लागायची कोण जाणे. आता साधा पंखा करकरला तरी जाग येते.
विषयांतर: ते शेतात रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फार भारी करायचे. माझे आतून कच्चे राहतात. उपाय सांगा.

मायमाउली
गोळे लहान कर. पदर सुटे ठेव, मधे तेल लाव. जाळ पूर्ण बसू दे, मग आरात टाक. घाई करत असशील तू.

खंजिरी
घाई नाही ताई, गोवऱ्या संपतात. पुण्यात ऑनलाइन मागवतो. हसू नका. भाव ऐकून आबाजींनी घरात घेतलं नसतं.

काळीमाती
गोवऱ्या ऑनलाइन!! अरे बापा, माह्याकडे ढीग पडला आहे. पोतं भरून ट्रॅव्हल्सवर टाकतो, भाडं तू दे.

मायमाउली
माझ्यासाठी पण एक पोतं. आणि वांगी आपल्याकडचीच पाठवा, इथली पाणचट लागतात.