रूट ६६ नव्हे, रूट ६
१९५०च्या दशकातल्या अमेरिकेतील बंडखोर ‘बीट’ लेखकांचा वारसा म्हणजे शिकागोहून कॅलिफोर्नियाला जाणारा जुना महामार्ग रूट ६६, असे एक मत आहे. त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. बीट लेखक जॅक केरुआक यांच्या ‘ऑन द रोड’ (१९५७) या कादंबरीचा निवेदक नकाशावरची लांबलचक लाल रेघ पाहून रूट ६ या दुसऱ्याच महामार्गाने पश्चिमेला जायचे ठरवतो, पण न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला बेअर माउंटनपाशी पावसात भिजूनही पुढे नेणारी गाडी न मिळाल्याने न्यूयॉर्कला परततो आणि शिकागोची बस धरतो. फसलेल्या योजनेलाही प्रवासात स्थान देणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. राज्याराज्यांना जोडणारे वेगवान महामार्ग बांधण्याचा कायदा अमेरिकेत १९५६ मध्येच, म्हणजे ही कादंबरी येण्याआधीच, झाला होता. तरीही वेगवान महामार्ग मुद्दाम सोडून जुन्या दुपदरी रस्त्यांनी, गावोगावी थांबत जाणारे प्रवासी अमेरिकेत आजही भेटतात.