थर्ड वॉर्ड वाचवला खरा, पण कोणासाठी?

बायूकाठचा:
टेक्सासातल्या ह्यूस्टन शहरात थर्ड वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. तिथे होलमन स्ट्रीटवर पांढरी, बुटकी घरं ओळीनं उभी आहेत. 'शॉटगन' घरं म्हणतात त्यांना. आगगाडीच्या डब्यासारखी एकामागे एक खोली, दारं एका रेषेत. १९९३ साली रिक लो आणि इतर सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी यातली २२ ओसाड घरं हातात घेतली. आजूबाजूच्या लोकांना बरोबर घेऊन साफसफाई केली. काही घरांत कलाप्रदर्शनं सुरू झाली, काहींत शिकणाऱ्या एकट्या आयांना मुलांसह राहायला जागा मिळाली. हाच तो 'प्रोजेक्ट रो हाउसेस'.

जवळच इमॅन्सिपेशन पार्क आहे. गुलामी सुटून जेमतेम सात वर्षं झाली होती, तेव्हा १८७२ साली लोकांनी वर्गणी काढून ही दहा एकर जमीन घेतली, जूनटीन्थ, म्हणजे टेक्सासातल्या गुलामांच्या सुटकेचा दिवस, साजरा करायला. म्हणजे ही परंपरा जुनीच. वस्ती सुधारायची तर ती तिथल्या माणसांनीच. पटतं का?

खडूस_काका:
अर्धंच पटतं. कलाकार आले, घरं रंगली, पेपरात नाव झालं, २०१४ ला रिक लो यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला. २०१७ मध्ये बागही तीन कोटींहून जास्त डॉलर खर्चून नवी केली. आणि आता? चार गल्ल्या फिरून या. जुन्या एका घराच्या जागी तीन मजली टाउनहाउसं, तीही खेटून तीन-तीन. वस्ती चांगली झाली की भाव चढतो आणि ज्यानं ती चांगली केली तोच बाहेर पडतो.

सानिका_टेक्सास:
काका, खापर कलाकारांवर नको. ह्यूस्टनला झोनिंगच नाही, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं याचे सरकारी नियमच नाहीत. त्यात १९९८ मध्ये लूप ६१० या शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाच्या आत प्लॉटची किमान मर्यादा १,४०० चौरस फुटांवर आणली, म्हणून एका जुन्या प्लॉटवर तीन घरं बसतात. डाउनटाउन हाकेच्या अंतरावर, शेजारी विद्यापीठ. रो हाउसेस नसती तरी बिल्डर आलाच असता.

अण्णा_७१:
मला दुसराच प्रश्न पडतो. पन्नास वर्षं ज्या घराला कोणी विचारलं नाही, त्याला आज भाव आला. तिथल्या एखाद्या आजीनं ते विकलं तर तुमच्या पोटात का दुखतं? १९३० च्या दशकात सरकारी नकाशांत अशा वस्त्या लाल रंगवल्या, तिथे कर्ज मिळेना. आता पैसा दारात आलाय तर 'विकू नका, वारसा आहे' असं सांगणार? वारसा बघायला आपण रविवारी जाणार, गळकं छत तिच्या डोक्यावर!

बायूकाठचा:
अण्णा, चपराक बसली, मान्य. पण आजी खुशीनं विकते असं धरून चालू नका. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्याची कसर घरपट्टीत निघते. मूल्यांकन वाढलं की पट्टी वाढते. मालक स्वतः राहतो त्या घराच्या करपात्र मूल्यवाढीला वर्षाला १० टक्क्यांची मर्यादा आहे, भाड्यानं दिलेल्या घराला ती लागू नाही. आणि थर्ड वॉर्डात भाडेकरूच जास्त! भाव चढला तर त्यांच्या हाती काय? घर सोडायची नोटीस. शिवाय कितीतरी घरं मृत्युपत्राविना आजोबांच्याच नावावर पडून असतात. एक चुलतभाऊ आपला हिस्सा विकतो आणि वाटणीचं प्रकरण कोर्टात जातं. सातबाऱ्याची भांडणं पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

सानिका_टेक्सास:
म्हणूनच लँड ट्रस्ट. ह्यूस्टनमध्ये २०१८ पासून आहे. घर तुमचं, जमीन ट्रस्टची. स्वस्तात घेता, विकताना नफ्यावर मर्यादा.

अण्णा_७१:
म्हणजे गोऱ्या उपनगरात पूर्ण मालकी आणि इथे अर्धी?

खडूस_काका:
भाडेकरूला अर्धी का होईना, मिळतेय ना. तो आज शून्यावर आहे. अण्णा, तुमच्या आजीचं मी समजू शकतो, पण ती घरमालकीण आहे. तिच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईबद्दल एक ओळ तरी लिहा.

अण्णा_७१:
लिहितो. ती बाई त्या २२ घरांपैकी एखाद्यात राहून शिकली असेल, तर रो हाउसेसबद्दल माझी तक्रार नाही. पण घरं २२ आणि वॉर्ड केवढा?