स्कॉटलंडची दूरची बेटं: सोळा जणांची गाइडेड टूर, की आपली आपण?

गलबत (धागाकर्ता)

हल्ली आपली मंडळी एडिंबरा, लॉक नेस, स्काय यावर थांबत नाहीत, पुढे आउटर हेब्रिडीजचं विचारतात. लुईस-हॅरिसपासून खाली उइस्ट, बॅरापर्यंतची ही बेटं पहिल्यांदा बघायची तर सोळा सीटांच्या मिनीबसची टूर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं कारण बोट. 2008 पासून इथल्या बोटींचं भाडं रस्त्याच्या खर्चाशी जोडलं गेलं आणि गाडी नेणं स्वस्त झालं. परिणाम असा की जून ते ऑगस्टमध्ये कॅलमॅक या फेरी कंपनीच्या बोटींवरची गाड्यांची जागा फार आधी भरते. टूरवाले बुकिंग खुलं झाल्या झाल्या मिनीबसची जागा धरतात. तुम्ही मे महिन्यात जागे होऊन जुलैचं बुकिंग शोधाल तर मेनलँडच्या उल्लापूलहून लुईसच्या स्टोर्नोवेला भरलेलं, स्कायच्या उइगहून हॅरिसच्या टार्बर्टलाही भरलेलं.

दुसरं कारण रस्ते. हॅरिसच्या पूर्व किनाऱ्याचा गोल्डन रोड किंवा हुशिनिशचा रस्ता एकपदरी, वळणावळणाचा आणि वर मेंढ्या. मोठी बस तिथे जात नाही, मिनीबस जाते. तुम्ही स्वतः चालवत असाल तर लक्ष पुढच्या पासिंग प्लेसवर (समोरच्याला वाट द्यायला केलेल्या रुंद जागेवर) असणार, समुद्र बघणार बाकीचे.

तिसरं, माणसं. हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड 1993 च्या कायद्याने विणकराने बेटावरच्या आपल्या घरीच विणायचं असतं. म्हणजे कारखान्याची सहल नव्हे, कुणाच्या तरी घरामागची शेड. आज कोण मागावर बसलंय आणि कोणाला माणसं आलेली चालतात, हे रोजच्या गाइडला माहीत असतं.

ओहोटी

मुद्दे बरोबर, निष्कर्ष चूक.

एडिंबराहून निघणाऱ्या पाच दिवसांच्या टूरचा हिशोब मांडा. एडिंबरा ते स्कायचं उइग साधारण 380 किलोमीटर. वाटेत ग्लेन्को, आयलिन डोनन असे थांबे घेतले की पहिला दिवस संपला. शेवटचा दिवस परतीचा. बेटांवर उरले तीन, त्यातला एक रविवार आला तर लुईस-हॅरिसवर बहुतेक दुकानं बंद, आर्नोलचं ब्लॅकहाउस (गवती छपराचं जुनं घर) बंद, बस नाही. स्टोर्नोवेचं टेस्को सुपरमार्केट नोव्हेंबर 2024 पासून रविवारी उघडायला लागलं, त्यावरही केवढा गदारोळ! म्हणजे पैसे भरलेत ‘दूरच्या बेटांचे’ आणि बघताय मेनलँडचा हायवे.

बोटीवर गाडी चढत नाही म्हणता, तर चढवताच कशाला? इन्व्हर्नेसपर्यंत ट्रेन, तिथून उल्लापूलला बस, साधारण दीड तास. बोटीवर पायी प्रवासी म्हणून चढायचं, अडीच-पावणेतीन तासांत स्टोर्नोवे, आणि गाडी तिथल्याच भाड्याच्या दुकानातून घ्यायची. मेनलँडची भाड्याची गाडी बोटीवर न्यायची तर कंपनीला आधी विचारावं लागतं, ती कटकटही वाचते. मात्र गाड्या मोजक्या, त्यात ऑटोमॅटिक आणखी कमी. आधी गाडी मिळवा, मग बोटीचं तिकीट काढा.

लायसन्सची भीती नको. ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या देशाच्या लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड इंग्रजीतच असतं. गाडी डावीकडूनच. पासिंग प्लेसचा नियम एवढाच: जागा आपल्या डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा आणि समोरच्याला तिच्यातून जाऊ द्या. मागे गाडी लागली असेल तरी बाजूला घेऊन तिला पुढे सोडा. तिथे गाडी लावून फोटो काढणारे पर्यटक हा स्थानिकांचा सर्वात मोठा राग.

गलबत

ओहोटी, हे सगळं बोट वेळेवर सुटली तर. एप्रिल 2021 मध्ये ‘लॉक सीफोर्थ’चं इंजिन बिघडलं. स्टोर्नोवेची ती एकटी मोठी बोट. तिच्या जागी दुसऱ्या मार्गाची बोट आणावी लागली, मग त्या मार्गाला तिसरीकडची. एक बोट आजारी पडली की अर्ध्या किनाऱ्याचं वेळापत्रक कोलमडतं. नवी ‘ग्लेन सॅनॉक्स’ 2015 च्या कंत्राटातली, प्रत्यक्ष धावली जानेवारी 2025 मध्ये. यावरून ताफ्याची कल्पना करा.

हॅरिसहून उइस्टला जाणारी लेव्हरबर्ग-बर्नेरे बोट तर खडकांमधून नागमोडी जाते, तासभर लागतो. पाणी उथळ, त्यामुळे फार खालची ओहोटी असली की फेरी पुढेमागे होते किंवा रद्द. ती चुकली तर उइस्टला पोचायला टार्बर्टहून स्काय आणि स्कायहून उइस्टचं लॉकमॅडी असा वळसा, दोन बोटी. हे फोनाफोनीचं काम सुट्टीत कोणी करायचं? गाइडने.

टाचणी

दोघेही पैशाच्या मूळ प्रश्नावर येत नाहीत. बोट रद्द झाली तर बिल कोणाच्या नावावर?

ब्रिटनच्या 2018 च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांप्रमाणे, टाळता न येणाऱ्या असाधारण परिस्थितीमुळे प्रवाशाला ठरल्या वेळी परत आणता आलं नाही, तर आयोजकाने माणशी तीन रात्रींपर्यंतचा राहण्याचा खर्च करायचा असतो. हा टूरचा खरा फायदा, आणि माहितीपत्रकात तो ठळक कधीच दिसत नाही.

पण टूर ‘पॅकेज’ असली तरच, म्हणजे प्रवास आणि राहणं एकत्र विकलं असेल तरच. बऱ्याच छोट्या टूर नुसती मिनीबसची सीट आणि गाइड विकतात, राहण्याचं ‘तुमचं तुम्ही बघा’. तुम्ही बी अँड बी (खोली आणि नाश्ता देणारं घर) वेगळ्या वेबसाइटवर घेतलंत की हे संरक्षण सहसा गेलं. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारा: हे पॅकेज आहे का? बोट रद्द झाली तर पर्यायी मार्ग कोणता, आणि त्याचे पैसे कोणाचे? जेवणं, तिकिटं, छोट्या बोटींच्या सफरी धरल्यात का? एकट्या माणसाला खोलीचे जादा किती? बॅग किती किलोची? मिनीबसला डिकी लहान असते, बहुतेक जण एक मध्यम बॅग आणि एक पाठपिशवी एवढंच घेतात. चोवीस किलोची ट्रॉली घेऊन गेलात तर ती एडिंबरालाच ठेवावी लागेल.

शिवाय सोळा जण एकाच घरात मावत नाहीत. गट तीन-चार बी अँड बीमध्ये विखुरतो, आणि सकाळी गाइड घरोघर गोळा करत फिरतो. ‘नऊला निघू’ म्हणजे पहिल्या घरचे नऊला बसतात, शेवटचे साडेनऊला. एक उशिरा उठणारा असला की झालंच.

भाकरतुकडा

आई-वडील सत्तरीचे, जूनमध्ये न्यायचे आहेत. शाकाहारी, अंडंही नाही. आणि वडिलांना सेंट किल्डा बघायचंच आहे, 1930 साली रिकामं झालेलं बेट म्हणून. टूर घेऊ का? दोघं खायचं काय?

ओहोटी

सेंट किल्डा म्हणालात, तर टूरचा प्रश्न तिथेच सुटला. गटाच्या बहुतेक टूरमध्ये ते नसतं, किंवा ‘हवामान असल्यास, ऐच्छिक’ असतं.

नॉर्थ उइस्टच्या पश्चिमेला 64 किलोमीटर, उघडा अटलांटिक. हॅरिसच्या लेव्हरबर्गहून छोट्या वेगवान बोटीने जायलाच तीनेक तास. व्हिलेज बेमध्ये बोट धक्क्याला लागत नाही, नांगर टाकते, आणि रबरी डिंगीतून चार-पाच जण करत धक्क्यावर उतरवतात. हा उपसागर आग्नेयेला उघडा. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा असला की बाकी आकाश निळंशार असूनही उतरता येत नाही, कारण लाट सरळ धक्क्यावर येते. म्हणून चांगले बोटवाले तुम्हाला लागून दोन दिवस मोकळे ठेवायला सांगतात: आज नाही जमलं तर उद्या. मिनीबस उद्या उइस्टला निघालेली असते. कळलं?

वडिलांना डिंगीतून ओल्या पायऱ्यांवर पाय टाकता येईल का, हे आधी प्रामाणिकपणे बघा. गुडघे दुखत असतील तर नाही. उतरून वर खाण्यापिण्याचं दुकान नाही, हॉटेल नाही, डबा आणि पाणी आपलं. बोट लागण्याची गोळी निघायच्या दोन तास आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर नाही, आणि कोणती ते डॉक्टरांना विचारा. बूट-पिशव्या निघण्याआधी झटकून तपासतात, कारण एक उंदीर बेटावर गेला तर पक्ष्यांच्या घरट्यांचा सत्यानाश. पफिन हे समुद्रपक्षी बघायचे तर जून उत्तम, ऑगस्ट उजाडला की ते समुद्रात निघून जातात.

पायपीट

खाण्याचं मी सांगतो. बी अँड बीचा नाश्ता ओट्सची लापशी, टोस्ट, बीन्स, मशरूम, टोमॅटो असा अंड्याशिवायही होतो, पण बुकिंग करतानाच कळवायचं. रात्रीचा घोळ मोठा. हॉटेलांची स्वयंपाकघरं आठ-साडेआठला बंद होतात, आणि टेबल आधी राखून ठेवावं लागतं. ‘व्हेज सूप’ कशात शिजवलंय हे विचारा, ते कोंबडीच्या पाण्यातलं असू शकतं. टूरमध्ये गाइड गटाचं टेबल लावतो, पण मेन्यू मासळीचा. त्यापेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. उन्हाळ्यात ही घरं बऱ्याचदा शनिवार ते शनिवारच मिळतात, म्हणून तारखा त्या हिशोबाने ठरवा. डाळ-तांदूळ, मसाले स्टोर्नोवेत भरून घ्या. खाली बेनबेक्युलाच्या क्रीगोरीला, साउथ उइस्टच्या डालीबर्गला आणि बॅराच्या कॅसलबेला को-ऑपची किराणा दुकानं आहेत. गाडीची टाकीही शनिवारीच भरा.

बाकी पाय धड असतील तर गाडीसुद्धा नको. स्टोर्नोवे-टार्बर्ट-लेव्हरबर्ग W10 बस आहे. रविवारी मात्र नाही, आणि फेऱ्या इतक्या विरळ की एक चुकली तर दिवस गेला. सत्तरीच्या जोडप्याला हे मी सुचवणार नाही.

दर्यावर्दी

मिनीबस की भाड्याची गाडी, यातच अडकलात सगळे. खरा छोटा गट बोटीवर असतो. ब्रिटनमध्ये बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की जहाजाला प्रवासी जहाजाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मेनलँडच्या ओबान बंदरातून आठवड्याच्या सफरीवर निघणाऱ्या बऱ्याच बोटी बाराच माणसं घेतात. झोपायचं बोटीवरच, मिंगुले, मोनाक बेटं, वारा दिला तर सेंट किल्डा. कप्तान वाऱ्याप्रमाणे मार्ग बदलतो, वेळापत्रकाप्रमाणे नाही. सेंट किल्डाची शक्यता यात सगळ्यात जास्त. मात्र महाग, केबिन लहान, आणि रात्री नांगरावर बोट डुलतेच.

गलबत

दर्यावर्दी, सत्तरीच्या माणसाला आठ दिवस डुलत्या बोटीवर आणि शिड्यांवर? भाकरतुकडा, माझं मत बदललेलं नाही. आईवडिलांना टूर द्या, सेंट किल्डा सोडून द्या. चालवणारे तुम्ही एकटेच असाल तर रोज तीन-चार तास एकपदरी रस्त्यावर तुमचा सांधाही धरेल.

ओहोटी

स्टोर्नोवे ते टार्बर्ट साठ किलोमीटर, सव्वा तास, बराचसा रस्ता दुपदरी. रोज तीन-चार तास कोण चालवतंय? एकाच ठिकाणी आठवडाभर राहायचं असतं ते याचसाठी.

भाकरतुकडा, आराखडा असा: हॅरिसला एक आठवडा घर, लेव्हरबर्गजवळ. सेंट किल्डाची बोट सोमवारी, मंगळवार राखीव. हवा बिघडली तर कलानाइशचे दगड, ते पाच हजार वर्षं उभेच आहेत, पावसातही दिसतात. जूनमध्ये उजेड अठरा तास, म्हणून दुपारी आई-वडिलांना झोपू द्या आणि लस्केन्टायरच्या वाळूवर संध्याकाळी आठला न्या, तोपर्यंत पार्किंगची गर्दी ओसरते. चिलटांसारखे मिजेस वारा पडला की येतात, म्हणून घर ओढ्याकाठच्या दरीत नको, वारा लागेल असं उघड्यावर घ्या.

टाचणी

आणि बुकिंग करताना नावं दोनदा वाचा. उइग स्कायला आहे, तिथून बोट सुटते. लुईसवरही उइग आहे, 1831 मध्ये जिथे बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या, तिथे बोट नाही. टार्बर्टही दोन: एक हॅरिसचं, दुसरं मेनलँडवरच्या किनटायरचं. नकाशावर चुकीचं टार्बर्ट टाकून ग्लासगोहून किनटायरला निघालेल्याची बोट कोणी थांबवत नाही. गाडी असेल तर निघण्याच्या 30 ते 45 मिनिटं आधी रांगेत. त्यानंतर आलात तर तुमची जागा राखीव यादीतल्या गाडीला जाते.

भाकरतुकडा

वडिलांना डिंगीचा फोटो दाखवला. ते म्हणाले उतरेन. आई म्हणाली, मी धक्क्यावर बसून विणकाम करेन, तुम्ही जा. म्हणजे आता घर आणि गाडी. ऑटोमॅटिक नाहीच मिळाली, तर उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने गिअर म्हणजे आपल्यासारखंच ना?

ओहोटी

अगदी आपल्यासारखंच. पण जूनची गाडी आजच शोधा.