गाणाऱ्या मुलांची सहल, सोबत न गाणारे मित्र: मिरजेला न्यावं का?

रंजना_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात लहान मुलांचा समूहगानाचा वर्ग घेते. आठ ते बारा वयाची वीसेक मुलं आहेत. जानेवारीत एका दिवसाची सहल काढायची आहे आणि मुलांनी हट्टच धरलाय की प्रत्येकाला एक मित्र किंवा मैत्रीण आणू द्या. मला हे मनापासून आवडलं, हो म्हणून टाकलं. म्हणजे आता चाळीस मुलं, त्यातली निम्मी कधी 'सा' लावून न बसलेली.

काही पालक वॉटरपार्क सुचवतायत. तिथे मुलं खूश होतील, पण वर्गाची सहल आहे, दिवसभरात कुठेतरी सूर भेटावा असं मला फार वाटतं. म्हणून मिरज डोक्यात आहे. तंबोरे कसे बनतात ते मुलांनी बघावं. आमच्या वर्गात तंबोरा मोबाईलमधला, खरा तंबोरा बहुतेकांनी हातात घेतलेला नाही.

तिथल्या कारागिरांकडे एवढी मुलं चालतील का? न गाणारी मुलं कंटाळतील का? आणि सहलीनंतर पुढच्याच आठवड्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात आमचं गाणं आहे, तेव्हा घसे कसे सांभाळायचे?

कृष्णाकाठ

रंजनाताई, जरूर या. माझं बालपण मिरजेत गेलं, सतारमेकर गल्लीतून शाळेला जायचो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी फोन करून ठरवा आणि दहा-दहाचे गट पाडा. बरीचशी दुकानं म्हणजे घराची पुढची खोली. जमिनीवर अर्धवट झालेले भोपळे, भिंतीला दांड्या टेकवलेल्या, पॉलिश वाळत ठेवलेलं. चाळीस मुलं एकदम आत शिरली तर कारागिराचा जीव वरखाली होईल. एक गट आत असेल तेव्हा बाकीचे मीरासाहेब दर्ग्यात. किराणा घराण्याचे मोठे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे आणि उरसात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादन होतं. चपला बाहेर, डोक्यावर रुमाल, एवढं मुलांना घरूनच सांगून आणा.

कारागिरांची घराणी मूळ शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात हे हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुलांना यापेक्षा भोपळा आवडेल. खायचा नव्हे, जाड सालीचा कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. तो हलका किती आहे ते हातात देऊन दाखवायला सांगा.

आता खरी गंमत. कारागिराला विनंती करा की जवारी, म्हणजे तारेला घुमारा आणायचं काम, दाखवा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो काढून तार छेडली की आवाज कोरडा, आखूड. दोरा परत घालून केसभर सरकवला की तीच तार घुमायला लागते. हे ऐकायला गाणं शिकलेलं असावं लागत नाही. माझा अनुभव उलटाच आहे, न शिकलेली मुलं आधी ओरडतात, "आला, आला!"

मग त्यांना गंधार, म्हणजे 'ग', शोधायला लावा. तंबोऱ्यात पंचम आणि षड्जाच्या तारा, गंधाराची एकही नाही. तरी जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या पट्टीतले वरचे बारीक सूरही वाजतात, त्यातल्या पाचपट कंपनाच्या सुरामुळे हे घडतं. तुमच्या गायक मुलांनी 'ग' हळूच गुणगुणायचा आणि पाहुण्या मित्राने तो तंबोऱ्यात पकडायचा. जोडीजोडीने. एकाचा तळवा भोपळ्यावर ठेवा, कंप हाताला लागतो.

एकच काळजी घ्या, फोनवरच सांगा की तंबोरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, जुळवून ठेवा. तिथे पुरुषांच्या आवाजासाठीचा मर्दानी तंबोरा खालच्या काळी एकला लावलेला असला तर तुमच्या मुलांना त्यात सूर मिसळणं जड जाईल.

तुमची मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा देत असतील तर आणखी एक. त्या मंडळाचं कार्यालय मिरजेतच, ब्राह्मणपुरीत आहे. बाहेरून दाखवलंत तरी प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा देणाऱ्यांचे डोळे मोठे होतील.

सुधा_वाचा

घशाबद्दल लिहिते. मी वाचा-उपचाराचं काम करते आणि जानेवारी-फेब्रुवारीत आवाज बसलेली मुलं माझ्याकडे येतात. कारण बहुतेक वेळा गाणं नसतं, आरडाओरडा असतो. गाडीच्या खडखडाटावर मात करत तासभर अंताक्षरी खेळली की दुसऱ्या दिवशी घोगरा आवाज ठरलेला. येताना रुकडीचा पूल, पंचगंगा, पुढे कृष्णा, हे खिडकीतून बघू द्या, गोष्टी सांगा, पण गाण्यांच्या भेंड्या नकोत. पाणी थोडं थोडं, वारंवार. गायचं असेल तर दुपारच्या जेवणाआधी, वीस मिनिटं पुरेत. कुणाचा आवाज बसलाच तर त्याला कुजबुजायलाही लावू नका, त्यानेही ताण पडतो. गप्प बसू द्या.

जयसिंगपूरची_आई

माझा मुलगा अशाच एका सहलीला 'पाहुणा' म्हणून गेला होता. त्या दिवशी तिथल्या बाईंनी त्याच्या हातात टाळ दिले आणि म्हणाल्या, "तू आमची लय धर." तो आजही त्या बाईंचं नाव काढतो. ताई, माझं कळकळीचं मागणं आहे, फोटोसाठी सगळ्यांना उभं कराल तेव्हा पाहुण्या मुलांना "तुम्ही नुसते ओठ हलवा" असं कुणी म्हणू नये. मला चौथीत म्हटलं होतं. मी आता चाळिशीची आहे आणि आरतीलाही तोंड उघडत नाही.

आणि मिरजेहून भडंग न्या. डबे संपल्यावर तेच कामी येतं.

रंजना_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. जयसिंगपूरच्या ताई, तुमचं वाचून मी माझ्या मदतनीस मुलींना लगेच फोन केला. टाळांच्या पाच जोड्या, दोन खंजिऱ्या आणि एक डफ बरोबर घेतोय, पाहुण्यांपैकी ज्याला हवं त्याला. आम्ही म्हणणार त्या अभंगाचं ध्रुवपद दोनच ओळींचं आहे, ते सगळ्यांनाच शिकवीन.

कृष्णाकाठ, एका कारागिरांशी बोलणं झालं. ते म्हणाले रविवारी नको, शनिवारी सकाळी या, जवारीचं काम तेव्हाच काढून ठेवतो. काळी चारचंही सांगितलं. सकाळच्या पॅसेंजरने येतोय. गायला दर्ग्यात विचारू की कृष्णा घाटावर जाऊ, हे ठरवायचंय. घाटावर पाण्याजवळ चाळीस मुलं म्हटलं की मला धडकी भरते. शनिवारी दुपारी तिथे गर्दी असते का? आणि मागे भिंत असलेली, आवाज उधळून न जाणारी एखादी जागा आहे का?

कृष्णाकाठ

घाट नको, तुमचं बरोबर आहे. ज्या शाळेत मी शिकलो तिचं सभागृह शनिवारी दुपारी रिकामं असतं. मुख्याध्यापकांना विचारून उद्या इथेच कळवतो.