मदत हवी आहे: फ्रेडी फिश या गेमची जुनी सीडी नवीन लॅपटॉपवर चालत नाहीये, आणि शंखचोर नक्की कोण?

नमस्कार मंडळी, इथे जुन्या गेम्समधले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे ९९ साली पहिला कॉम्प्युटर आला. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतला होता आणि टॅक्सीत मॉनिटर मांडीवर धरून पार्ल्याला आणला होता. त्याच सुट्टीत आत्या अमेरिकेहून आली आणि तिने मला आणि दादाला मिळून एक सीडी दिली, फ्रेडी फिशचा तिसरा भाग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फ्रेडी म्हणजे एक पिवळी मासोळी, ती डिटेक्टिव्ह, आणि ल्यूथर हा तिचा छोटासा हिरवा दोस्त, सारखा घाबरणारा आणि सारखी बडबड करणारा. हे दोघं ल्यूथरच्या अंकल ब्लेनीकडे बेटावर उत्सवाला जातात तर तिथला मोठा शंखच चोरीला गेलेला आणि आळ आलेला बिचाऱ्या अंकलवर, त्याला कोंडूनच ठेवलंय. मग खरा चोर शोधायचा. बॉक्सवर ३ ते ८ वर्षं लिहिलं होतं, दादा तेव्हा ११ चा होता आणि माझ्याइतकाच वेडा झाला होता. यात कोणी मरत नाही, टाइम संपत नाही, हरणं म्हणून नाहीच, फक्त फिरायचं, वस्तू गोळा करायच्या, सगळ्यांशी बोलायचं आणि डोकं चालवायचं.

आता माझी मुलगी सात वर्षांची आहे. गेल्या महिन्यात आईकडे लोखंडी कपाट आवरताना साड्यांच्या खाली ही सीडी मिळाली आणि ती बघून मला किती आनंद झाला काय सांगू. लॅपटॉपला सीडीची सोय नाही म्हणून पुन्हा लॅमिंग्टन रोडच गाठला, ग्रँट रोडला उतरून भर पावसात छत्री धरून यूएसबीचा ड्राइव्ह घेऊन आले. सीडी घातली, ड्राइव्ह घरघरला, सेटअप दाबलं, तर मेसेज आला की हे अॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये विंडोज ९५ निवडून बघितलं, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितलं, काहीच फरक नाही. मग वाटलं निदान सगळ्या फाइल्स कॉपी तरी करून ठेवू, तर बाकीच्या गेल्या पण ज्या फाइलच्या शेवटी एचई२ आहे ती अर्ध्यावर अडकते. सीडी उलटी करून उजेडात धरली तर कडेला केसासारखे बारीक चरे आहेत गोल गोल, लहानपणी आम्ही ती फ्रॉकला पुसायचो त्याचेच असणार.

लेकीला दम निघेना म्हणून तोपर्यंत आम्ही दोघी यूट्यूबवर कोणीतरी खेळलेला पूर्ण गेम बघतोय. बोलणं सगळं इंग्लिश आणि भरभर, ती मराठी मीडियमला आहे, त्यामुळे मी दर वाक्याला पॉज करून मराठीत सांगते. तिचा पहिला प्रश्न होता की अंकल म्हणजे काका की मामा? मी म्हटलं मामा, कारण आळ आल्यावर सोडवायला इतकी धावपळ करणारा भाचाच असतो. तेव्हापासून आमच्या घरात ब्लेनीमामा झालाय. तिने शाळेच्या जुन्या वहीत मागच्या पानावर संशयितांची यादी केलीय, प्रत्येकापुढे एक चित्र आणि त्याखाली 'हा का नाही' ते लिहिलेलं.

आता दुसरा प्रश्न, आणि खरं तर हाच मला जास्त छळतोय. माझ्या आठवणीतला चोर वेगळा आहे आणि व्हिडिओत वेगळाच निघाला. लहानपणी दादाने एकदा माझ्याआधी गेम संपवला आणि चोराचं नाव सांगून टाकलं, मी रडले, मग महिन्याभराने मी स्वतः संपवला तेव्हा दुसराच कोणीतरी पकडला गेला. मी दादाला म्हटलं तू खोटं बोललास, तो म्हणाला तू नीट बघितलं नाहीस. त्यावरून इतकं भांडण झालं की बाबांनी चार दिवस की-बोर्डच काढून कपाटात ठेवला. नंतर कॉम्प्युटर बदलला, गेम गेला, पण हा विषय अजून निघतो. दादा आता बंगलोरला आहे, राखीला आला की मी काढतेच. नावं इथे लिहीत नाही, कोणाला मुलांबरोबर खेळायचं असेल तर मजा जायला नको. तर माझ्या आठवणीत घोळ आहे का? की याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या?

प्रतिसाद

ताई, आधी दुसऱ्याचं उत्तर देतो म्हणजे तुमचा जीव शांत होईल. तुम्हीही खरं बोलत होतात आणि तुमचा दादाही. या गेममध्ये नवीन खेळ सुरू केला की चोर बदलतो, आवृत्ती एकच असली तरी. वस्तू कुठे सापडतात तेही बदलतं. म्हणून यूट्यूबवर बघून तसंच करायला गेलात तर जुळेलच असं नाही.

आता सीडीचं. त्या काळातले बरेच सेटअप १६ बिटचे असायचे आणि आजचं ६४ बिट विंडोज ते चालवतच नाही, त्यामुळे कंपॅटिबिलिटी मोड कितीही बदललात तरी उपयोग नाही. सेटअप सोडून द्या. स्कमव्हीएम नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो त्यांच्या साइटवरून घ्या. सीडीवरच्या फाइल्स एका फोल्डरमध्ये टाकायच्या, स्कमव्हीएम उघडून अॅड गेम दाबायचं आणि तो फोल्डर दाखवायचा, गेम तो स्वतः ओळखतो. कंट्रोल आणि एफ५ दाबलं की मेनू येतो, सेव्ह तिथून. अँड्रॉइडवरही चालतो, म्हणजे लेकीला टॅबवर बोटाने खेळता येईल. हे सगळं जमतं कारण हा गेम स्कम इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर बनलाय आणि स्कमव्हीएम त्याचंच काम करतो. ते इंजिन १९८७ च्या मॅनियाक मॅन्शन या गेमसाठी लुकासफिल्म या कंपनीत तयार झालं, करणाऱ्यांत रॉन गिल्बर्ट होता, आणि त्यानेच पुढे १९९२ मध्ये शेली डे यांच्याबरोबर ह्यूमंगस ही फ्रेडी फिशवाली कंपनी काढली.

एचई२ म्हणजे बोलण्याची फाइल, सगळ्या पात्रांचे आवाज त्यात, ती नीट यायलाच हवी. मऊ सुती कापड जरासं ओलं करून मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसा, गोल फिरवू नका, गोल पुसलं की चरा ट्रॅकच्याच दिशेने पडतो आणि ड्राइव्हला तो भाग वाचताच येत नाही. पूर्ण सुकू द्या आणि मग कॉपी करा. तरी नाही झालं तर स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर हा भाग विकत मिळतो.

धागाकर्ती

खूप खूप आभार!! काल रात्री चष्मा पुसायचं कापड घेऊन तुम्ही सांगितलं तसं मधून बाहेर पुसत बसले, दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा एचई२ पूर्ण उतरली. स्कमव्हीएमने गेम लगेच ओळखला. ते सुरुवातीचं संगीत वाजलं आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, हे तुमचं माशाचं ना?" पंचवीस वर्षांनी तिने ओळखलं.

दादाला रात्रीच फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तेव्हा तुला खोटारडी म्हटलं होतं ना मी. शनिवारी तो व्हिडिओ कॉलवर येणारे आणि लेक इथे खेळणारे, स्क्रीन शेअर करून. तिने वहीत नवीन पान काढलंय, जुनी यादी खोडून टाकली, म्हणते आता सगळ्यांवर पुन्हा पहिल्यापासून संशय.

एक शेवटचं विचारते, स्क्रीनवर चित्र मधोमध लहान दिसतंय आणि चारी बाजूंनी काळं आहे, फुल स्क्रीन केलं तर मासे फाटल्यासारखे दिसतात. स्कमव्हीएममध्ये यासाठी काही सेटिंग आहे का? शनिवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.