सारखं मध्येच उठावं लागतं, अशा घरात कुठली नवी हस्तकला सुरू करावी?

सुईदोरा_फोंडा

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज विचारतेच. मला हाताने काहीतरी नवीन करायला शिकायचंय, विकायला वगैरे नाही, घरासाठीच, पण मनापासून. शाळेत असताना थोडं भरतकाम केलेलं, त्यानंतर सगळं राहूनच गेलं. आता मोबाईलवर बघून बघून चार गोष्टी डोक्यात बसल्यात, क्रोशा, मॅक्रमेचं (दोरीला गाठी मारून करतात ते) वॉलहँगिंग, रेझिनचे कोस्टर आणि पणजीत जुन्या घरांवर त्या निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज टाईल्स असतात ना तसं टाईलवर पेंटिंग.

दुपारी दीडेक तास तसा मिळतो मला पण तो सलग कधीच मिळत नाही हाच प्रॉब्लेम आहे. नळाला पाणी कधी येईल नेम नाही, आलं की सगळं टाकून टाकी भरायला धावायचं. धाकटा तीन वर्षांचा आहे, झोपला तर झोपला. सासूबाईंची औषधं वेळेवर द्यावी लागतात. त्यात पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, वर गच्चीवरचे कपडे, दारावर नुस्तेंवाली (मासळीवाली) आली की तिच्याशी घासाघीस, आणि मिस्टरांची वेर्ण्याला शिफ्ट असते त्यामुळे घरात जेवायची वेळ एक अशी नाहीच. शिवाय चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पुढची खोली रंगवायला काढलीय, म्हणजे अर्धं सामान हॉलमध्ये.

मॅक्रमेची दोरी आणून सुरू केलेलं, उठून परत बसेपर्यंत कुठली गाठ चालली होती तेच कळेना. तर या चारातलं मला आत्ता काय जमेल? की वेगळंच काही सुचवाल? पुस्तकी उत्तर नको, ज्यांच्या घरी असंच चालतं त्यांनी सांगा प्लीज.

साखळी_खांब (मडगाव)

ताई, माझ्या घरीही हेच आहे म्हणून सांगते. आवडतं काय हे आधी बघू नकोस. आधी हे बघ की ते काम हातातून खाली ठेवलं आणि अर्धा तास कुणी हात लावला नाही तर त्याचं काय होतं. काही कामं थांबतात आणि काही कामं थांबत नाहीत, तुझ्या यादीत दोन्ही आहेत म्हणून गोंधळ होतोय.

रेझिन थांबत नाही. दोन भाग एकत्र केले की आतल्या आत रिअ‍ॅक्शन सुरू होते, बऱ्याच रेझिनना मिसळल्यावर वीस ते चाळीस मिनिटं मिळतात, नेमकं किती ते डब्यावर लिहिलेलं असतं, आणि गरमीत ती वेळ अजून कमी होते. त्यात पाणी आलं, तू उठलीस, की कपातच घट्ट. पेल्यात जास्त प्रमाणात राहिलं तर चांगलंच तापतं सुद्धा. वर हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात आणि तीन वर्षांचं मूल तर खोलीत नकोच. मेणबत्त्या आणि साबणाचंही तेच, मला हे सगळं मनापासून आवडतं पण तुझ्या आत्ताच्या दुपारीत ते बसवू नकोस.

क्रोशा थांबतो. अगदी टाक्याच्या मधे सोडला तरी. फक्त उठताना सुई काढून चालू फासात सेफ्टी पिन घाल, मग पोराने दोऱ्याचा गुंडा घरभर फिरवला तरी एक टाका उसवत नाही. ही एक सवय लागली की तू निर्धास्त उठशील, दार वाजलं की जीव वरखाली होणं बंद.

सुरुवातीला बारीक दोरा घेऊ नकोस. आपल्याकडे टेबलावर, चर्चमधल्या आल्तारवर ते नाजूक रुमाल बघितलेत म्हणून सगळ्यांना थेट तेच करायचं असतं, पण तो २० नंबरचा दोरा आणि १.२५ मिमीची सुई, पावसाळी अंधारात डोळे दुखतात. जाडसर कॉटन दोरा घे आणि ४ मिमीची सुई. रंग फिका घे, काळा नेव्ही ब्लू अजिबात नको, टाकेच दिसत नाहीत.

आणि पहिलंच काम म्हणून मोठी शाल काढू नकोस, चौकोन कर. ४ साखळ्यांचं रिंगण, त्यात ३ साखळ्या (हा पहिला खांब धरायचा, खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका) आणि २ खांब, मग २ साखळ्या कोपऱ्यासाठी, परत ३ खांब, २ साखळ्या, असे एकूण चार गट झाले की पहिल्या खांबाला जोडून टाक, झाली पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. पुढे पण तसंच, फक्त बाजू वाढत जाते. एक चौकोन म्हणजे एक पूर्ण झालेली वस्तू, उद्या घर उलटंपालटं झालं तरी तो झालेलाच राहतो. असे साठत गेले की मुक्या खांबाने (वेढा न घेता घातलेल्या आखूड टाक्याने) जोडून उशीचं कव्हर कर.

कामट्या_कागद (डिचोली)

वरच्या ताईंचं पटलं. मी त्यात हवेचं पण सांगतो कारण गोव्यात जून ते सप्टेंबर हस्तकलेत निम्मा त्रास दमटपणाचा असतो आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही, ते लोक एसीत बसून करतात. फेविकॉल वाळायला नेहमीपेक्षा खूप वेळ घेतो, क्विलिंगच्या कागदी पट्ट्या मऊ पडतात, पेपरमॅशे (कागदाचा लगदा) आत ओला राहून बुरशी धरतो, रेझिनवर सुद्धा दमट हवेत पांढरट धुरकट थर येतो. मैद्याच्या खळीत बुरशी येऊ नये म्हणून वह्या-पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर मोरचूद घालायचे, पण ते विष आहे, लहान मूल असलेल्या घरात नकोच.

मी दरवर्षी आकाशकंदील करतो, स्पर्धेलाही देतो, आपल्याकडे दिवाळीला गावोगावी स्पर्धा असतात माहीतच आहे. माझं काम मी पावसाप्रमाणे वाटून घेतलंय. भर पावसात फक्त सांगाडा. ओला बांबू या दिवसांत चांगला फाटतो, कामट्या काढायच्या, वाकवायच्या असतील तर पाण्यात भिजत टाकायच्या, सुतळीने किंवा दोऱ्याने सांधे बांधायचे. हे कधीही सोडून उठता येतं, एक सांधा बांधून झाला की मोकळे. कागदाला ऑक्टोबरशिवाय हात लावायचा नाही, तेव्हा हवा कोरडी होते आणि कागद कसा ताठ बसतो. तोही एका वेळी एकच बाजू चिकटवायची, पूर्ण वाळली की दुसरी. ताईंना पाहिजे तर साधी पाच टोकांची चांदणी करा, दोन सारख्या चांदण्या बांधायच्या, टोकं एकमेकांना जोडायची आणि मधे आखूड कामट्या घालून फुगवायची. मोठी मुलगी वगैरे असेल तर ती पण बसेल सोबत. फक्त कामटीची धार हात कापते, धाकट्याच्या हाती जाऊ देऊ नका, काढून झाली की कोयत्याने कडा घासून घ्या.

अजून एक, सामान मे महिन्यातच भरून ठेवायचं. आपण पुरुमेंताला (पावसाआधीच्या साठवणीला) मीठ मिरची सुकं नुस्तं भरतो, त्याच फेरीत मी दोरा, फेविकॉल, सँडपेपर पण घेऊन येतो. घट्ट झाकणाचा डबा लागतो मात्र. भर पावसात एका दोऱ्यासाठी बाजारात जायचं म्हणजे ती दुपार गेलीच.

निळी_टाईल (पणजी)

टाईल पेंटिंगबद्दल लिहिते कारण मी तेच करते आणि त्याबद्दल लोकांचा समज थोडा वेगळा असतो. खऱ्या आझुलेजो म्हणजे त्या पोर्तुगीज टाईलवर कच्च्या पांढऱ्या ग्लेझवर (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) रंगवतात, ब्रश टेकला की रंग लगेच शोषला जातो, खोडायची सोय नाही, आणि मग भट्टीत खूप उच्च तापमानाला भाजतात. ते घरी होत नाही. पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात ते निळं काम आहे ना, ते एकदा वेळ काढून जवळून बघ, रेषा कशी एका दमात ओढलीय ते दिसतं, मी अजूनही जाऊन उभी राहते तिथे.

घरी करायचं तर साधी चकचकीत पांढरी भिंतीची टाईल आणि ओव्हनमध्ये पक्के होणारे सिरॅमिक रंग. मी पेबेओ कंपनीचे पोर्सेलेन १५० रंग वापरते, रंगवून एक दिवस वाळू द्यायचं, थंड ओव्हनमध्ये ठेवायचं, १५० डिग्रीला पोचल्यावर ३५ मिनिटं, आणि आतच थंड होऊ द्यायचं. तुझ्या दृष्टीने चांगली गोष्ट म्हणजे भाजेपर्यंत चुकलेला भाग ओल्या कापडाने पुसता येतो, म्हणजे मधेच उठलीस आणि रेघ बिघडली तरी तेवढीच पुसून परत काढ. रंगाची बाटली बंद, ब्रश पाण्यात, एवढंच करून उठायचं. टाईल मात्र उंच फळीवर ठेव. भाजताना लाईट गेली तर टाईल हलवू नकोस, आल्यावर परत थंडपासून सुरू कर. जेवायच्या ताटाला मात्र हे करू नकोस, भिंतीला किंवा घराच्या नंबरप्लेटला छान.

मेणरंग_म्हापसा

मी रेझिन करते त्यामुळे त्याची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. बंद करू नका ताई, पुढे ढकला. जानेवारी फेब्रुवारीत हवा कोरडी असते, एखाद्या रविवारी मिस्टर घरी असतील तर मुलाला त्यांच्याकडे द्या, दोन तास दार बंद, आणि त्या दोन तासांत फक्त ओतायचं. साचे पुसणं, सुकी फुलं लावून बघणं, वजनकाटा काढणं हे सगळं आदल्या आठवड्यात तुकड्या तुकड्याने होतं. फुलं मात्र आतून पूर्ण सुकलेली पाहिजेत, आबोली पावसात दाबून ठेवली तर काळी पडते, उन्हाळ्यात वहीत दाबा.

मॅक्रमेचं राहिलं. ते हातात धरून करायचं नाही, एक काठी खिडकीच्या ग्रिलला पोराचा हात पोचणार नाही इतकी उंच बांधा आणि तिथेच उभं राहून करा, मग काढणं घालणं नाही. उठताना चाललेल्या दोऱ्यांना कपड्याचा चिमटा लावला की आल्यावर शोधावं लागत नाही. दोरी ३ मिमीची, तयार लांबीच्या चौपट धरायची, मधोमध दुमडून अडकवणार असाल तर आठपट कापा, नाहीतर शेवटी कमी पडते आणि मधे जोड दिला की गाठ दिसते.

आबोली_पेडणे

बाय, सगळ्यांनी चांगलं सांगितलंय. मी वयाने मोठी आहे म्हणून एक सांगते, सासूबाईंना यात घे. त्यांना काय येतं ते विचार. आमच्या पिढीत प्रत्येकीच्या हातात काहीतरी असायचं, गोधडी, केळीच्या सोपात फाती (फुलांच्या माळा) गुंफणं, मण्यांचं तोरण, कोणी सांगत नाही कारण कोणी विचारत नाही.

आणि पुढच्या खोलीचा रंग चाललाय तेवढे दिवस जुन्या लुगड्याची लहान गोधडी घे, उशीएवढी. कापड थर करून कडेने मोठे टाके घालून पक्कं केलं की आत फक्त धावदोरा, ओळीमागून ओळ. त्यात विसरायला काहीच नाही. लाईट गेली तर बलकांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) बसून होते. सुई मात्र मोजून काढ आणि मोजून ठेव, घरात बाळ आहे.

सुईदोरा_फोंडा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, खरंच खूप आभार! सासूबाईंना विचारलं तर क्रोशा येत नाही म्हणाल्या पण फाती त्या झरझर करतात, आणि गंमत म्हणजे माझ्या हातातली सुई घेऊन बघता बघता साखळी घालायला लागल्या, दोरा ताणून धरायची बोटं तीच लागतात वाटतं. तर क्रोशापासून सुरुवात केलीय, सेफ्टी पिनचा उपाय एकदम पक्का, आत्ता निर्धास्त उठते. टाईल पेंटिंग खोलीचा रंग झाल्यावर, चवथीनंतर. कंदिलाचा सांगाडा मिस्टरांना दाखवला, ते बांबू आणतो म्हणालेत.

एकच शंका, आमचे दोघींचे चौकोन मधोमध थोडे फिरल्यासारखे तिरके होतायत, आणि त्यांचा एक तर वाटीसारखा वर उचललाय. सासूबाईंचा हात घट्ट आहे म्हणून की नमुन्यातच काही?

साखळी_खांब (मडगाव)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिरकं होतंय ते एकाच बाजूने सगळ्या फेऱ्या घातल्या की होतं, खांब नेहमी जरा एका अंगाला झुकतो. प्रत्येक फेरी संपली की काम उलटं फिरव आणि पुढची फेरी मागच्या बाजूने घाल, सरळ येईल. वाटीसारखा झालाय तो घट्ट हाताचा, कोपऱ्यातल्या २ साखळ्या आखडतात. सासूबाईंना हात सैल करायला सांगू नकोस, त्या वयात हात बदलत नाही आणि बदलायचं काही कारणही नाही, त्यांना ४.५ किंवा ५ ची सुई दे आणि तुझी ४ चीच ठेव, तुमचे दोघींचे चौकोन आपोआप एका मापाला येतील. एकेक करून मोजून बघ.

झालेले चौकोन ओले करून टॉवेलवर ताणून टाचण्या लाव, पंख्याखाली वाळव. पेजेची खळ देतात आपल्याकडे ताठ व्हायला, पण ती आत्ता नको, पावसात बुरशी आणि झुरळं दोन्ही येतात, दसऱ्यानंतर ऊन पडलं की दे.